वादळाआधी गॅरेजचं शटर: पाडवा ते अक्षय्य तृतीया

माझा मसाल्याचा धंदा माहीममधल्या एका जुन्या इमारतीच्या मागच्या गॅरेजातून चालतो. घरमालकांची फियाट तिथे उभी असायची. ती भंगारात गेली आणि गॅरेज मला भाड्याने मिळालं. लोखंडी शटर आठ फूट रुंद, सात फूट उंच. तोंड पश्चिमेला, आणि गल्ली सरळ समुद्राकडे उघडणारी. एप्रिलच्या संध्याकाळी काय हवा येते तुमच्याकडे, असं सगळे म्हणतात. १७ मे २०२१ ला तीच हवा आत शिरली.

तौक्ते वादळ त्या दिवशी मुंबईसमोरून समुद्रातूनच गुजरातकडे सरकत होतं. म्हणजे आपल्यावर ते आलंच नाही, नुसतं बाजूने गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर मोजला गेला. माझा ऐन मोसम. बेडगी आणि संकेश्वरी मिळून चाळीस किलो मिरची वाळवून, देठं खुडून गोण्यांत भरलेली, आणि लॉकडाऊनमुळे मसाला कुटायचा डंख बंद म्हणून ती तशीच पडून. दुपारभर शटर धडधडत होतं. कुलपं जागेवर होती, म्हणून मी समोर घरी जाऊन बसले. संध्याकाळी पाहते तर उजवीकडच्या सात-आठ पट्ट्या कडेच्या उभ्या खाचेतून निसटून आत लोंबत होत्या आणि त्या भगदाडातून पाऊस आडवा येत होता. मिरचीचा लगदा झाला होता.

शटर मोडलं, असं मी भेटेल त्याला सांगत होते. चार दिवसांनी मिस्त्री आला. त्याने निसटलेली एक पट्टी हातात धरून दाखवली. सरळच्या सरळ, साधा पोचाही नाही. म्हणाला, ‘‘ताई, शटर बीच में से नहीं जाता, किनारे से जाता है.’’ तोवर मी दर पावसाळ्याआधी कुलपं बदलत होते. काठाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

कामाची वेळ

पाडव्याला सुरुवात, अक्षय्य तृतीयेला काम पूर्ण. हा मुहूर्ताचा हट्ट नाही. मुंबईत पावसाची ठरलेली तारीख ११ जून. पण २०२० चं निसर्ग वादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि तौक्ते १७ मे ला आलं. २०२१ ची अक्षय्य तृतीया १४ मे ला होती, म्हणजे हाताशी तीन दिवस उरले असते. तेवढे पुरतात. शिवाय मेच्या मध्यानंतर हवेत इतकी ओल येते की रंग धड वाळत नाही.

काठ तपासणे

भर दुपारी आत उभं राहा, शटर पूर्ण खाली ओढा, दिवा बंद करा. जिथून उजेड येतो तिथून वारा येणार. खालून उजेड आला तर तो पाण्याचा प्रश्न, त्याकडे नंतर येते. दोन्ही बाजूंच्या उभ्या चॅनलजवळ, म्हणजे ज्याला शटरवाले गाइड म्हणतात तिथे, उजेडाची रेघ दिसली तर पट्ट्या एका अंगाला सरकल्या आहेत.

आता खडू घ्या. शटर बंद असताना आतल्या बाजूने गाइडच्या कडेला लागून पट्ट्यांवर उभी रेघ मारा, दोन्हीकडे. मग शटर अर्धं वर न्या, कोणाला तरी धरायला सांगा, आणि स्टुलावर चढून पाहा. पट्ट्या गाइडच्या वरच्या तोंडातून बाहेर पडून गुंडाळीकडे जातात तिथे त्यांची टोकं उघडी दिसतात. खडूच्या रेघेपासून टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच पट्टी गाइडमध्ये बसलेली असते. बोटं लांब ठेवून फूटपट्टी लावा. माझ्याकडे डावीकडे चार सेंटीमीटर होते आणि उजवीकडे जेमतेम दीड.

दीड सेंटीमीटर का पुरत नाही ते शाळेतल्या प्लास्टिकच्या फूटपट्टीवर कळतं. दोन टोकं बोटांत धरून मध्ये वाकवा. टोकं एकमेकांकडे सरकतात. वाऱ्याने शटरचा मधला भाग आत फुगतो तेव्हा हेच होतं. आठ फुटांची पट्टी मध्ये पंधरा सेंटीमीटर वाकली, तर टोकं मिळून अडीच सेंटीमीटर आखडतात. ज्या बाजूला पकड कमी, ती बाजू सुटते. एक पट्टी सुटली की शेजारणीवर भार येतो, आणि मग मसाल्याच्या पाकिटाची शिवण उसवावी तशा त्या ओळीने निघत जातात.

उपाय स्वस्त आहे. पट्ट्यांच्या टोकांना एंड क्लिप असतात, लोखंडाचे छोटे तुकडे, रिव्हेट मारलेले. पट्टी आडवी सरकू नये म्हणून ते असतात. जुन्या शटरवर निम्मे गंजून गळालेले असतात आणि कोणाला पत्ताही नसतो. मिस्त्रीने पट्ट्या ठोकून मध्यावर आणल्या आणि एकाआड एक पट्टीला नवे क्लिप मारले. समुद्राकाठी राहत असाल तर विंड लॉकचं विचारा. त्यात पट्टीच्या टोकाला आकडा असतो आणि तो गाइडच्या आतल्या वळलेल्या कडेत अडकतो, म्हणजे पट्टी फुगली तरी टोक बाहेर येत नाही. त्यासाठी गाइडही तसाच लागतो, त्यामुळे जुन्या शटरवर नुसते आकडे लावून भागत नाही. मी गाइड बदलून खोल घेतला आणि क्लिपांवर थांबले.

भिंत

गाइड ज्या भिंतीला धरून आहे ती भिंतच पोकळ असेल तर वरचं सगळं वाया. पान्ह्याने गाइडच्या शेजारी प्लास्टरवर टकटक करत वरून खाली या. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक नारळ घेणाऱ्या माणसाला शिकवावा लागत नाही. आमच्याकडे खालचे दोन फूट पोकळ निघाले. ओल चढून प्लास्टर सुटलेलं, स्क्रू लाकडी गट्ट्यांत मारलेले, आणि गट्टे भुसा झालेले. प्लास्टर विटेपर्यंत फोडलं, सिमेंटने भरलं, चांगलं आठवडाभर पाणी मारलं आणि मग गाइडला साधारण दीड-दीड फुटावर अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, मारले. फास्टनर विटेच्या पोटात गेला पाहिजे, दोन विटांच्या सांध्यात गेला तर काही दिवसांनी हलायला लागतो. ड्रिलमधून पडणारी पूड पाहा: लाल म्हणजे वीट, करडी म्हणजे सांधा.

वेल्डिंग करायचं असेल तर आतला माल आधी बाहेर काढा. गोणपाट, पुठ्ठे, सिलिंडर, रंगाचे डबे, सगळं. ठिणगी गोणपाटात शिरली की तासाभराने धूर निघतो, तोवर वेल्डर चहा पिऊन घरी गेलेला असतो.

अडसर

आमच्या आजोळी, कुडाळजवळ, माजघराच्या दाराला मागून अडसर होता. भिंतीत दोन भोकं, त्यात सरकणारा आडवा सोट. दार कितीही ढकला, जोर भिंतीवर जायचा. मी मिस्त्रीला तेच करायला सांगितलं. तो आधी हसला, मग मापं घ्यायला लागला.

दोन इंच बाय दोन इंच चौकोनी पाइपचे दोन अडसर केले, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या. दोन्ही भिंतींवर लोखंडी खोबण्या आहेत, त्यात ते वरून बसतात आणि शटरच्या जवळजवळ टेकून राहतात, बोटभर अंतरावर. शटर आत फुगायला लागलं की पहिल्याच इंचात अडसराला टेकतं आणि काठावरचा ताण तिथेच थांबतो. पण वारा नुसता ढकलत नाही, वळला की बाहेर ओढतोही. इमारतीच्या ज्या बाजूला वाऱ्याची पाठ असते तिथे तर ओढच जास्त. त्यासाठी खालच्या बॉटम पट्टीला आतून दोन कड्या वेल्ड केल्या आणि जमिनीत दोन आकडे गाडले. वादळाच्या दिवशी त्यात बोल्ट टाकायचे.

यात एक मेख आहे: अडसर आतून लागतो, म्हणजे तुम्हाला बाहेर पडायला दुसरं दार हवं. माझ्या गॅरेजला मागे बोळात उघडणारं छोटं दार आहे. तसं नसेल तर मधला काढता-घालता खांब करून घ्या. खाली जमिनीत खोबण, वर लिंटेलला, म्हणजे दारावरच्या तुळईला ब्रॅकेट, खांब बाहेरून उभा करून पिन मारायची आणि बॉटम पट्टी व मधल्या एक-दोन पट्ट्या त्याला क्लॅम्पने जखडायच्या. शटर दहा-बारा फुटांचं असेल तर मागचं दार असो वा नसो, खांब हवाच.

एवढा लोखंडाचा संसार कशाला, असं शेजारच्यांनी विचारलं. मी बारावी सायन्स, पुढे लग्न, पण सूत्र विसरलेले नाही. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब आला ते कळतं. ताशी ११४ म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ मीटर. हिशेब चौरस मीटरला साधारण साठ किलोचा येतो. माझं शटर पाच चौरस मीटरच्या थोडं वर, म्हणजे पुरा झोत समोरून बसला तर तीनशे किलोहून जास्त. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तीनशे किलो म्हणजे शटरवर पाच माणसं टेकून उभी आहेत असं समजा, आणि ती मिनिटामिनिटाला आत-बाहेर झुलताहेत.

गंज आणि रंग

माहीमला लोखंड वर्षभर खारी हवा खातं. म्हणून पहिलं काम घासणं नव्हे, धुणं. गोड्या पाण्याने शटर दोन्ही बाजूंनी धुवा, पट्ट्यांच्या वळणात साचलेलं मीठ आणि धूळ निघेपर्यंत. मिठावर रंग मारला तर आतून फोड येतात. दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या. मग वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा एक हात, तो वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. बॉटम पट्टी आणि शेवटच्या दोन पट्ट्यांवर जास्त वेळ घालवा, गंज तिथेच बसतो. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. आरपार गेला तर रंग मारून लाज झाकू नका, पट्टी बदला. शटर गॅल्व्हनाइज्ड असेल तर रेड ऑक्साइड त्यावर नीट धरत नाही, दुकानात गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा प्रायमर मागा.

रंग मारल्यावर दोन दिवस शटर खालीच ठेवा. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या सकाळी वर केलं. गुंडाळीत पट्टी पट्टीला चिकटली आणि ते खाली येईना. अर्धा रंग सोलून निघाला.

गाइडमध्ये ग्रीस भरू नका. धूळ, मिरचीची भुकटी, कबुतराची पिसं सगळं त्यात बसून दोन महिन्यांत खळ तयार होते. गाइड फडक्याने पुसून त्यावर पांढरी मेणबत्ती घासा, शटर चार वेळा वर-खाली करा. पुरतं. कुलपात तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड टाका आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा झापडासारखा बांधा, पाणी आत जात नाही.

एकाच गोष्टीला हात लावू नका: वरच्या पाइपातली स्प्रिंग. तिच्यात पीळ भरलेला असतो. ब्रॅकेटचा बोल्ट सैल केला की तो सगळा पीळ एका झटक्यात सुटतो, आणि समोर मनगट असेल तर मनगट जातं. शटर जड लागायला लागलं किंवा मध्यावर सोडल्यावर धाडकन खाली आलं, तर स्प्रिंग बसलेली आहे. मिस्त्रीला बोलवा आणि तो काम करत असताना खाली उभं राहू नका.

मोटरचं शटर असेल तर वीज गेल्यावर हाताने फिरवायची साखळी किंवा दांडा कुठे आहे ते आजच शोधून एकदा चालवून पाहा. अंधारात, भर वाऱ्यात ते शोधणं म्हणजे शिक्षा.

पाणी

शटर वाऱ्यासाठी आहे. त्याने पाणी अडवायला जाऊ नका. बाहेर दोन फूट पाणी साचलं तर आठ फुटी शटरवर सव्वाचारशे किलोच्या वर रेटा येतो, आणि तो सगळा खालच्या पट्ट्यांवर. तिथे रबर ठोकून, सिलिकॉन भरून शटर घट्ट केलं तर तेच आधी वाकेल.

मी तीन गोष्टी केल्या. दारात दोन इंचांचा सिमेंटचा उंबरा, बाहेरच्या अंगाला उतार दिलेला. रोजच्या पावसाचं वाहतं पाणी त्यावरून आत येत नाही. त्याच्या आत, दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचे चॅनल आणि त्यात वरून सरकवायची मरिन प्लायची दीड फुटी फळी, खाली आणि कडेला रबराची पट्टी लावलेली. आणि माल जमिनीवर ठेवायचा बंद केला. सगळ्या गोण्या दोन फुटांच्या मांडणीवर, वजनकाटा आणि पाकिटं शिवायचं मशीन त्याच्याही वर, सगळे प्लग छातीच्या उंचीवर.

एवढं करून पहिल्या मोठ्या पावसात पाणी आलंच. दारातून नाही, कोपऱ्यातल्या मोरीतून. बाहेरचं गटार भरलं की ते नळीतून उलटं आत चढतं. आता मोरीच्या तोंडावर रबरी बूच आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली रेतीची गोणी. गॅरेजात मोरी असेल तर फळीच्या आधी बूच करा.

आमच्याकडे साचत नाही हो, असं कोणी म्हणालं की मी २६ जुलै २००५ सांगते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. मुंबईत आपल्या गल्लीचा पाऊस वेगळा असतो, त्यामुळे शहराचा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नये. भरतीचं वेळापत्रक मी कॅलेंडरशेजारी चिकटवते. साडेचार मीटरवरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी समुद्रात जातच नाही, गल्लीत थांबतं. त्या तासांत गाडी गॅरेजात असेल आणि पाणी चढलं, तर उतरल्यावर चावी फिरवून पाहू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर एका स्टार्टमध्ये ते जातं. टो करून न्या.

इशारा आला की

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला की मी आधी बाहेरून सुरू करते. कुंड्या, सुटे पत्रे, बोर्ड, सायकली, मोडकी खुर्ची, सगळं आत किंवा आडोशाला. वारा शटरला जेवढा मारतो त्याहून जास्त वाऱ्याने उडालेला पत्रा मारतो. वर आलेल्या फांद्यांचं पावसाळ्याआधीच पालिकेला कळवलेलं बरं. झाड पडलं तर १९१६ वर फोन. मग स्कूटर उंच जागी, मेन स्विच बंद, मोरीला बूच, फळी, बाजूचे दोन्ही हुक, खालची दोन्ही कुलपं, आकड्यांचे बोल्ट, अडसर, आणि मागच्या दाराने बाहेर. हवा खेळावी म्हणून शटर चार बोटं वर ठेवायची सवय मला होती. त्या दिवशी तसं करायचं नाही. आत शिरलेला वारा शटर आतून फुगवतो.

आणि मध्येच काय झालं बघू, म्हणून उघडायचं नाही. धडधड ऐकवत नाही हे मान्य. रेडिओ लावा.

वादळ गेल्यावर खडूची रेघ पुन्हा पाहते. रेघ गाइडच्या कडेलाच असेल तर ठीक, बोटभरही सरकली असेल तर क्लिप तुटला आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की आणखी एकदा. पावसाळा संपला तरी अरबी समुद्राचं काम संपलेलं नसतं; फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला इथल्या किनाऱ्यावर आलं होतं, दिवाळी उरकल्यावर.

राहिला मिस्त्री. मे लागला की तो लग्नांसाठी गावाला जातो आणि पाऊस पडेपर्यंत परतत नाही. तेव्हा जो सापडतो तो दुप्पट पैसे घेऊन स्प्रिंगला तेल लावून जातो. म्हणून गुढी उतरवली की दुसऱ्या सकाळी मी फोन करते. मजुरी तो सांगेल ती, आणि वर अर्धा किलो मसाला. दोन वर्षांपूर्वी त्याने तारीख पुढे ढकलली होती, तेव्हा मसाला त्याच्या बायकोच्या हाती पाठवला. रविवारी सकाळी सातला दारात हजर होता.